फिनिक्सचा शेकहँड, हुबळीचा कापूस

मी धारवाडच्या शाळेत गणित शिकवतो आणि आयुष्यात एकच मोठा सौदा केला आहे; तोही, सौदा चालू आहे हे ठाऊक नसताना.

माझा धाकटा भाऊ वसंता कापसाच्या शेतीचं शिक्षण घेऊन अमेरिकेतल्या फिनिक्स गावाहून तीन वर्षांनी परतला आणि घरात फिनिक्सचं पारायण सुरू झालं. तिथले रस्ते असे रुंद, तिथल्या दुकानांना भिंतीएवढ्या काचा, आणि रविवारी लोक बायकामुलांना घेऊन चक्क निवडुंग पाहायला जातात! (आमच्या परसातला निवडुंग वडिलांनी त्याच्याच स्वागतासाठी तोडला होता.) भेटेल त्याच्याशी तो शेकहँड करी. भटजींशी केला, तर ते पुन्हा आंघोळीला गेले. मलाही शिकवला.

"अण्णा, हात ढिला द्यायचा नाही. घट्ट दाबायचा, तीनदा हलवायचा. मग माणूस आपला."

पण त्याच्या ट्रंकेत एक पत्र होतं. तिथल्या कॉलेजच्या शेतावर त्याला नोकरी देऊ केली होती, आणि सोमवारच्या टपालानं उत्तर धाडायचं होतं. आईला घास जाईना. शुक्रवारी ती मला म्हणाली, "उद्या त्याला हुबळी फिरवून आण. आपल्याकडं सुद्धा सगळं आहे की, दिसू दे त्याला."

धारवाडचा माणूस हुबळीला व्यापाऱ्यांचं गाव म्हणून नाक मुरडतो. त्या दिवशी मी मात्र जन्मभराचं कौतुक एका टांग्यात बसून केलं. केशवापुरातले बंगले दाखवले. "छान आहेत," वसंता म्हणाला. जुन्या हुबळीच्या बोळांत मागावर चाललेली लुगडी दाखवली, बाजारात मिरच्यांचे लाल ढीग दाखवले, मग खणांच्या दुकानात नेलं. तिथं तो अंजिरी, मोरपिशी, चिंतामणी रंगांकडं बघत राहिला.

"काचा नाहीत," तो म्हणाला, "पण असे रंग तिथं नव्हते, अण्णा."

मला धीर आला. धीर आला की मी चुकतो.

कापसाच्या बाजारात गाड्यांची रांग लागली होती. इथं भाव तोंडानं बोलत नाहीत. अडत्या आणि गिऱ्हाईक उपरण्याखाली हात धरतात आणि बोटं दाबून भाव ठरवतात. (हे मला आज ठाऊक आहे.) एक जाडजूड अडत्या हसत माझ्यापुढं आला आणि त्यानं हात पुढं केला. बघ वसंता, मी मनात म्हटलं, शेकहँड हुबळीतही आहे. मी हात घट्ट धरला. त्यानं वर उपरणं टाकलं. ही इथली जास्तीची सभ्यता असावी. त्यानं दोन बोटं दाबली, मी पाचही दाबली आणि हात तीनदा हलवला.

"मुगीतु," अडत्या म्हणाला. म्हणजे झालं, ठरलं. मग एका भरल्या गाडीकडं बोट दाखवून म्हणाला, "ई गाडी निम्मदु, मास्तर."

"माझी गाडी? अहो, मी नुसता नमस्कार केला."

"उपरण्याखाली नमस्कार कोण करतं?"

सगळा बाजार हसला. तिथं दिलेला शब्द फिरत नाही, आणि मी तर त्यानं मागितल्याहून भाव चढवून ठेवला होता. आता हा भाऊ काही राहत नाही. आईला काय सांगू?

वसंता मात्र गाडीच्या चाकावर चढून कापूस बोटांनी ताणून बघत होता. "अण्णा, हे बी मूळचं अमेरिकेचं. आज्यांच्या काळात इकडं आलं."

"आमच्या रानात हेच की," गाडीवाला शेतकरी म्हणाला. "पर धागा आखूड पडाय लागलाय. काय करावं, तुम्हीच सांगा."

वसंता सांगू लागला. पाहता पाहता भोवती दहा-पंधरा शेतकरी जमले. मी माझ्या मालकीच्या कापसावर बसून होतो.

परतीच्या आगगाडीत तो बोटांना चिकटलेला कापूस चोळत बसला होता. मग म्हणाला, "ते बी एवढ्या लांबून येऊन इथं रुजलं, अण्णा. मी तर इथलाच." सोमवारी त्यानं नकाराचं पत्र माझ्याच हातात दिलं. पेटीत टाकताना माझे डोळे भरून आले. (कापसाचे तंतू गेले, असं मी घरी सांगितलं.)

वसंता राहिला. घरातल्या गाद्या झाल्या, उशा झाल्या, शेजाऱ्यांच्याही झाल्या, तरी कापूस उरला. आई अजूनही मी बाजाराला निघालो की दारापर्यंत येते.

"काय हवं ते आण," म्हणते, "पण हात खिशात ठेव."