रोशाचा वास

देवपूरच्या घरी आईच्या गुडघ्यांना चोळायला आणलेलं रोशाचं तेल काल उघडलं, त्याचा गुलाबासारखा वास आला आणि मी थेट चोपड्याकडच्या आमच्या गावी, दुष्काळातल्या एका सकाळी जाऊन पोचलो.

रोशा गवताची मुळं सातपुड्याच्या मुरमात खोल शिरतात, म्हणून सगळं करपलं तरी त्याचे ठोंब तग धरतात. उग्र वासामुळे गुरं मात्र त्याला तोंड लावत नाहीत.

त्या सकाळी दुधाला गुलाबासारखा वास येत होता. मी खुशीत आणखी मागितलं. वडिलांनी, आमच्या आबांनी, एकच घोट घेऊन पेला खाली ठेवला. "बठ्ठं सुकी गयं. आते चांदी रोशा खाई राहिनी," ते आईला म्हणाले. चांदी आमची गाय; सगळं सुकल्यावर तीही रोशा खायला लागली होती. आईनं आपल्या वाटचं दूध माझ्या पेल्यात ओतलं. मला तो लाड वाटला.

पाऊस आला तेव्हा वाळलेल्या ठोंबांना कोवळे फुटवे आले. ते खायला चांदी उरली नव्हती.

काल तेलाचा हात पुढे केला तशी आईनं पाय आखडून घेतले.

"नको लावू," ती म्हणाली. "उपाशी गायना वास शे तो."