डमीच्या गाडीवरचा हेरंब

आमच्या लालबागच्या चाळीत हेरंब पेडणेकरला वर्षभर कुणी विचारत नसे. कापडाच्या दुकानात तागे उचलायचा, घरी येऊन जेवायचा. माणूस अवाढव्य, तो जिना चढला की खालच्या मजल्यावर भांडी वाजतात, असं पोरं म्हणायची. मान मिळायचा तो एकदाच, परळच्या कारखान्यातून मंडळाची मूर्ती आणताना.

मूर्ती यायची दौलतच्या ट्रकवर. त्या ट्रकला मागे चाकांच्या दोन जोड्या, पण इंजिनाचा जोर एकाच जोडीला. दुसरी नुसतं ओझं वाटून घेते; ड्रायव्हर लोक तिला डमी म्हणतात. दौलत या गाडीचे गोडवे गायचा. "डिझेल कमी खाते, टायर कमी झिजतात, गाडी हलकी म्हणून माल जास्त बसतो. हायवेची राणी आहे रे!" ही राणी चिखलात मात्र रुसायची. मूर्ती दिसायला डोंगराएवढी, आतून पोकळ. जोराच्या चाकांवर भार पडत नसे आणि कारखान्याच्या चढावर ती जागच्या जागी गरगरायची. मग दौलत ओरडायचा, "हेरंबला बोलवा!" हेरंब वर चढून बरोबर त्या चाकांच्या डोक्यावर बसायचा. पोरं ढोल थांबवून गर्जायची, "हेरंब बसला!" आणि गाडी निघायची. पोरांनी त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि हा शहाणा तिथेच बिऱ्हाड करून राहिला.

साखरेने पाय काळा पडू लागला तेव्हा डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, वजन उतरवा, नाहीतर बोटं जातील. त्याची बायको सुचित्रावहिनी भाकरी मोजून वाढू लागली. हा बाहेर जाऊन वडापाव चेपायचा. "अगो, माजा वजन गेला तर गाडी चढतली कशी?" वहिनी रडल्या, भांडल्या. मला तर त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटायची. गणपती झाले की बघू, म्हणत राहिला. गणपती झाले आणि उजव्या पायाची दोन बोटं कापली.

यंदा तो अर्धा झाला होता. काठी टेकत कारखान्यात आला, वहिनी सोबत. आता आपल्या वजनाने गाडी निघाली नाही तर काय, हेच त्यांना सारखं विचारत होता. चाकं गरगरली. त्याने काठी टाकून फळीला हात घातला, तोच मंडळाचा सेक्रेटरी हितेंद्र खेकसला, "काका, व्हा बाजूला! पडलात तर पोलिसांची लफडी कोण निस्तरणार?" आणि दंडाला धरून त्याला कडेला उभं केलं.

चालणारी गाडी त्याने खालून पहिल्यांदाच पाहिली. दौलतने केबिनमध्ये बटण दाबलं. फुस्स आवाज होऊन डमीची चाकं जमिनीवरून वर उचलली गेली, सगळा भार जोराच्या चाकांवर आला आणि गाडी सरळ चढ चढून वर जाऊन थांबली. सवयीने पोरं ओरडली, "हेरंब बसला!" मग त्याला खाली उभा बघून पोट धरून हसत सुटली. मला त्या सगळ्यांची किळस आली.

वहिनी तरातरा केबिनपाशी गेल्या. हेरंब लंगडत मागे.

"दर वर्षी हे असंच उचलता?"

"पहिल्यापासून, वहिनी. एवढ्या गाडीला एका माणसाचं वजन म्हणजे काय?"

"मग यांना वर कशाला बसवायचात?"

दौलतने हेरंबकडे पाहिलं आणि हसू दाबलं. "पोरांना मजा यायची."