उद्या घरच्यांना घेऊन ये

शाळेतला सत्कार पाहुण्यासाठी नसतो, फोटोसाठी असतो, हे मला निवृत्तीनंतर कळलं. मुलांना सुरक्षित कसं ठेवायचं, याचं प्रशिक्षण मी शिक्षकांना आणि पालकांना देते. दर ठिकाणाहून एक शाल आणि एक नारळ घेऊन कसबा पेठेत परत यायची. नारळाची चटणी व्हायची. शालींचं काय करायचं हा प्रश्नच होता, पुण्यात एवढी थंडी पडत नाही. 'सत्कार नको, त्या वेळात मला जास्त बोलू द्या,' असं मी आयोजकांना आधीच सांगायची. ते हो म्हणायचे आणि शाल आणायचेच.

वाघोलीच्या त्या शाळेतही तसंच ठरलं होतं. सकाळी शिक्षकांचं सत्र, दुपारी पालकसभा, आणि सभेच्या सुरुवातीला पाहुण्यांचा सत्कार, पालक प्रतिनिधींच्या हस्ते. हे प्रतिनिधी मला सकाळीच भेटले. खुर्च्या लावून घेत होते, माइकची वायर दाराआड सरकवत होते. 'ताई, पंखा अंगावर येतोय का? बंद करू?' त्यांनी विचारलं. असा पालक प्रत्येक शाळेला हवा असतो. मलाही बरं वाटलं.

शिक्षकांना मी एक प्रश्न हमखास विचारते. शाळा सुटली आहे, तुम्ही पर्स उचलली आहे, आणि एक मूल मागे रेंगाळून म्हणतं, 'मला आज घरी जायचं नाही.' तुमच्या तोंडून पहिलं वाक्य कोणतं येईल? विचार करू नका, पटकन सांगा.

'उद्या घरच्यांना घेऊन ये!' जवळजवळ सगळे एका सुरात म्हणाले.

गृहपाठ राहिला, केस वाढले, मारामारी झाली, कशावरही शाळेचं औषध एकच. 'छान,' मी म्हटलं. 'आणि घरच्यांपैकीच कुणामुळे त्याला घरी जायचं नसेल तर? ते बिचारं त्यालाच घेऊन येईल. तुम्ही त्याला बसायला खुर्ची द्याल, वर चहा विचाराल.'

हॉल हसला. सातवीच्या वर्गशिक्षिका तेवढ्या हसल्या नाहीत. वयाने लहान होत्या, नोकरीत नव्या असाव्यात. सत्र संपल्यावर त्या माझ्यामागे व्हरांड्यात आल्या आणि खांबाला धरून उभ्या राहिल्या.

'मॅडम, मी काल हेच बोलले,' त्या म्हणाल्या. 'माझ्या वर्गातली एक मुलगी म्हणाली, मला काकांबरोबर जायचं नाही. मला वाटलं, रागावली असेल. मी म्हटलं, उद्या सभा आहेच, घरच्यांना घेऊन ये, बोलू.'

'मग कोण आलंय?'

त्यांनी हॉलकडे पाहिलं. आत ते पालक प्रतिनिधी माइकवर टिचकी मारून बघत होते.

सख्खे काका नव्हतेच ते. मुलीचे वडील नोकरीला परगावी, आई खराडीला ऑफिसात. इमारतीतले हे शेजारी मुलीला शाळेत सोडायचे, घरी न्यायचे, सभांना यायचे. शाळेतले सगळे त्यांना पालकच समजत. प्रतिनिधीही त्यातूनच झाले. मला पंखा बंद करून देणारा माणूस तो हाच.

मुलगी वर्गात होती. मी बाईंना म्हटलं, 'तिला वाचनालयात घेऊन बसा. उलटतपासणी करू नका. एवढंच म्हणा, तू सांगितलंस ते बरं केलंस, आणि आज तुला त्यांच्याबरोबर पाठवणार नाही. ती आपणहून बोलली तर ऐका.' ती बोलली. थोडंच बोलली, पण ते पुरेसं होतं. ते मी इथे लिहिणार नाही, ते तिचं आहे.

मुख्याध्यापिकाबाई ऐकून पांढऱ्या पडल्या. मग शाळेच्या बाई बोलतात तसं बोलल्या, 'अहो, इतके पालक आलेत. सभा तर उरकू. मग तिच्या घरच्यांना बोलावून शांतपणे...'

'घरचे आलेत,' मी म्हटलं. 'पहिल्या रांगेत बसलेत.'

'शाळेचं नाव जाईल हो.'

'जाऊ दे. कायदा सांगायलाच बोलावलंत ना मला? मग आधी आपण ऐका. नुसता संशय आला तरी पोलिसांना कळवावं लागतं. आपण करता फोन, का मी करू?'

माझा आवाज चढला होता. समोर माणूस घाबरलेला असताना चढवू नये हे मीच लोकांना शिकवते, पण त्या क्षणी मला त्यांच्या टेबलावरची फुलदाणीसुद्धा सहन होत नव्हती. त्यांनी फोन केला. महिला पोलीस साध्या कपड्यांत येतील असं उत्तर मिळालं. मग मुलीच्या आईलाही केला, पण फोनवर खरं कसं सांगावं ते त्यांना सुचेना. 'मुलीला जरा बरं नाही, लगेच या,' एवढंच त्या म्हणाल्या.

आणि तिथेच घोटाळा झाला. खराडीत बसलेल्या त्या आईने मुलीला बरं नाही म्हटल्यावर जे नेहमी करायची तेच केलं. तिने काकांना फोन लावला.

आम्ही ऑफिसातून बाहेर पडतोय तर ते दारात उभे, हातात गाडीची किल्ली. 'पोरीला बरं नाही म्हणे? तिच्या आईचा फोन आला, तुम्ही तिथेच आहात तर बघा म्हणून. कुठाय ती? मी घेऊन जातो.'

नाही म्हणावं तर त्यांना संशय येणार, ते निघून जाणार, किंवा सरळ वाचनालयाकडे चालू लागणार. मुलीला तर शब्द दिलेला होता.

उत्तर मुख्याध्यापिकाबाईंनी दिलं. मघाशी शाळेचं नाव जपणाऱ्या याच बाई.

'अहो, असं कसं? पाहुण्यांचा सत्कार आपल्या हस्ते आहे!' त्या हसून म्हणाल्या. 'नुसतं डोकं दुखतंय तिचं, पडलीय गोळी घेऊन. आपण गेलात तर शाल कोण देणार? आणि आता तो कार्यक्रमाच्या शेवटी ठेवलाय बरं का. आपण दोन शब्दही बोलायचेत.'

ते घुटमळले. किल्ली बोटाभोवती एकदा फिरली. मग त्यांनी ती खिशात टाकली, कॉलर नीट केली आणि पहिल्या रांगेत जाऊन बसले. सत्काराला मी इतकी वर्षं नावं ठेवत आले. त्या दुपारी तोच मदतीला आला.

वाचनालयाबाहेर शाळेच्या मावशी स्टूल टाकून बसल्या होत्या. 'तुमी जावा बोलायला,' त्या म्हणाल्या. 'मी हाय हितं.'

मी बोलायला उभी राहिले. काय बोलले ते धड आठवत नाही. मुलं घरच्या माणसाबद्दल सहज सांगत नाहीत, चाचरत सांगतात, आणि आपण भाजी निवडत 'हं हं' करतो, असलं काहीतरी. समोर ते मान डोलवत होते. इतरांकडे वळून 'बरोबर आहे' म्हणत होते. माझ्या पाठीवरून घामाची धार चालली होती आणि पंखा त्यांनीच बंद केलेला होता.

बोलणं संपलं, पण दारात कुणी दिसेना. नगर रस्त्यावर दुपारी गाड्या कशा अडकतात ते पुणेकराला सांगायला नको. मी पुन्हा सुरुवात केली. तेच मुद्दे उलटे सांगितले. मागून एक गृहस्थ म्हणाले, 'बाई, कळलं आम्हाला. आम्ही पास झालो!' लोक हसले, मीही हसले. पण खुर्च्या वाजायला लागल्या तेव्हा माझा निरुपाय झाला.

'यानंतर आपल्या पाहुण्यांचा सत्कार,' मुख्याध्यापिकाबाईंचा आवाज बारीक झाला होता.

ते स्टेजवर आले. शालीची घडी उलगडली आणि माझ्या खांद्यांवर ठेवली, दोन्ही टोकं नीट पुढे ओढली. मी हात जोडून उभी. 'आपण फार मोठं काम करता,' ते माझ्याकडे पाहून म्हणाले. 'मुलं म्हणजे देवाघरची फुलं.' फोटो निघाला. त्यात मी हसते आहे. अशी किळस मला आयुष्यात कधी आली नव्हती.

ते माइककडे वळले तेवढ्यात मागच्या दारातून दोन बायका आत आल्या. मुख्याध्यापिकाबाईंनी मान हलवली. दोन शब्द संपले, टाळ्या झाल्या, ते खाली उतरले तशा त्या दोघी त्यांच्या दोन बाजूंना झाल्या आणि हळू आवाजात काही बोलल्या. आरडाओरडा नाही, काही नाही. पालक चहाकडे गेले.

आई आली तेव्हा ऑफिसचं कार्ड तिच्या गळ्यातच होतं. धावत जिना चढली आणि मला धापा टाकत विचारलं, 'काका कुठायत?'

पहिला प्रश्न तोच. ही विश्वास ठेवणार नाही असंच वाटलं. मुख्याध्यापिकाबाईंनी तिला ऑफिसात बसवून सांगितलं. ती दोनदा म्हणाली, 'शक्य नाही हो.' मग ती उठून वाचनालयात गेली आणि आम्ही मागे गेलो.

मुलगी कोपऱ्यातल्या बाकावर वर्गबाईंना चिकटून बसली होती. आईने काही विचारायच्या आतच ती म्हणाली, 'मी तुला सांगत होते. तू म्हणालीस, दमलेय, उद्या बोलू.'

आई मटकन खाली बसली, पोरीच्या पायांशी, फरशीवर. 'चुकलं माझं,' ती म्हणाली. 'आता सांग. मी कुठे जात नाही.'

मुलगी थरथरायला लागली. एवढ्या उन्हाळ्यात तिचे दात वाजत होते. मुख्याध्यापिकाबाई पुढे झाल्या आणि तिच्या अंगावर घालायला त्यांनी माझ्या खांद्यावरून शाल ओढली.

'ती नको!' मी ओरडलेच, आणि शाल हिसकावून घेतली.

त्यांना कळलं. आईलाही कळलं असावं, कारण तिने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. स्वतःची ओढणी काढून तिने मुलीला घट्ट गुंडाळलं.

मी आता सत्कार घेत नाही. शाल पुढे आली की मागे सरते. लोक म्हणतात, बाईंना मानपानाची हौस नाही. म्हणू देत.