बुटकी बाई, जपानी गाडी

करीमचाचांच्या गॅरेजात खाली पडलेला नट कधी सापडत नाही. पण तिथं पडलेला किस्सा संध्याकाळपर्यंत पांढरकवड्याच्या बसस्टँडवर असतो आणि बाजाराच्या दिवशी मारेगावला! माझे तर एकाच उन्हाळ्यात इतके साचले, की म्हटलं आता आपणच सांगावे. लोक सांगतात त्यात मी गाडी बाभळीवर चढवलेली असते. चढवली नव्हती. नुसती टेकवली होती!

गाडी जपानी बनावटीची, छोटी, पांढरी, माझ्यापेक्षा चारच वर्षांनी लहान. पिंकीच्या बाबांनी हैदराबादकडून आणली. ते ट्रकवर ड्रायव्हर, महिन्यातले पंचवीस दिवस बाहेर. पिंकी आमची चार वर्षांची. ताप चढला की तिला झटके येतात. मागच्या वर्षी तिला मांडीवर घेऊन मी फाट्यावर पाऊण घंटा एसटीची वाट पाहिली. तो पाऊण घंटा अजून माझ्या पोटातून गेला नाही. म्हणून गाडी मीच शिकायची ठरवलं.

सासऱ्यांना, म्हणजे मामंजींना, हे काही पटलं नाही. ते माझ्याशी सरळ बोलत नाहीत. मी समोर उभी असले तरी निरोप पिंकीजवळ.

"पिंके, सांग तुह्या मायले. मृगापर्यंत शिकली त शिकली. नाही त इकून टाकतो गाडी. शेतकऱ्याच्या घरी तिचं काय काम?"

पिंकी माझ्याकडे वळली. "आई, आबा म्हणतात..."

"ऐकलं मी!"

* * *

पहिल्या दिवशी सीटवर बसले तर समोरच्या काचेतून नुसतं आभाळ दिसत होतं. उंची माझी जेमतेम. करीमचाचांना म्हटलं, "चाचा, रस्ता नाही दिसत."

चाचा दाढीवरून हात फिरवत म्हणाले, "फिर तो बेटी, हवाई जहाज का लायसन निकालो!"

मग म्हणाले, "गाडी माणसाच्या मापाची करणं, हा पह्यला धडा. सीट उंच कर. कुछ भी भर."

भरायला काय कमी होतं? कापसाला भाव नव्हता, म्हणून आमचा सगळा कापूस घरातच पडून. आतल्या खोलीत छतापर्यंत कापूस आणि ओसरीत आम्ही माणसं, अंग खाजवत! पण मामंजींची ताकीद होती, "भाव येईपर्यंत बोंडभर कोणी हात लावाचा नाही."

मी दोन्ही हातांत मावतील असे तीन कवळे कापूस काढला. सरकीच्या बियांसकट सीटमध्ये कोंबला आणि गोधडीच्या सुईनं कव्हर शिवून टाकलं. रस्ता दिसला. मामंजींना काही दिसलं नाही.

* * *

सीट उंच झाली तर पाय पुरेनात. चाचांनी क्लचला आणि ब्रेकला बाभळीचे ठोकळे करून नटबोल्टनं कसले. माझ्या पायाचं माप घेतलं, दहादा दाबून दाखवायला लावलं. एकदम बरोबर!

दुसऱ्या दिवशी गाडीची पूजा केली. नारळ फोडला, हळदकुंकू लावलं, आत बसले, किल्ली फिरवली. गाडी गियरमध्येच होती, ती पुढं पळाली. समोर जुन्या टायरांचा ढीग दिसला म्हणून ब्रेक दाबायला गेले तर पाय पोचेचना! ढीग सरळ अंगावर आला.

चाचा धावत आले. "ब्रेक काहून नाही दाबला?"

"पायच नाही पुरला, चाचा. काल तर पुरत होता!"

त्यांनी खाली पाहिलं. मग मागं पाहिलं. नारळाच्या टरफलांजवळ माझ्या जाड तळाच्या चपला नीट जोडून ठेवलेल्या होत्या. माप चपलेसकट घेतलं होतं आणि पूजा झालेल्या गाडीत मी चपला घालून कशी चढणार?

चाचा कपाळाला हात लावून म्हणाले, "बेटी, इसमें देवघर नहीं है, ब्रेक है!"

* * *

पिंकीचे बाबा दोन दिवस सुटीवर आले. त्यांना गाडी स्टाईलमध्ये पाहिजे होती. "जपानी गाडी जमिनीले चिपकून पळते," म्हणाले आणि चाचा नमाजला गेले तेवढ्यात चारही स्प्रिंगा कापून गाडी खाली बसवली. दिसायला खरंच झकास! मोठ्या ऐटीत गावाकडे निघालो.

आमच्या पांदणीत बैलगाड्यांच्या दोन चाकोऱ्या आणि मधे वरंबा. गाडी त्या वरंब्यावर पोटावर बसली. चाकं गरगर फिरत होती आणि आम्ही जागेवर!

मामंजी बैल घेऊन आले. जू चढवलं, दोर बांधला, गाडी घरापर्यंत ओढली. दारात बैल सोडताना म्हणाले, "पिंके, सांग तुह्या बापाले. बैलबंडी चांगली होती. तिले डिझल लागत नाही."

पिंकी म्हणाली, "आबा, हिला पेट्रोल लागते!"

चाचांनी मग दुसऱ्या गाडीच्या जाड स्प्रिंगा टाकल्या. म्हणाले, "गाडी फोटोके लिए नहीं, पांदणके लिए बनाते." हा दुसरा धडा.

* * *

पण नवरा माझा ट्रकवाला. जाता जाता ट्रकचा हॉर्न बसवून गेला. एकदा हायवेवर समोरचा ट्रक साइड देईना, तेव्हा मी तो दाबला. ट्रक झटकन बाजूला झाला, थांबला. ड्रायव्हर खाली उतरून मागं रस्त्याकडे पाहायला लागला. मी काच खाली केली.

"काय झालं, दादा?"

"ताई, तुमच्या मागं एक मोठी गाडी होती. कुठं गेली?"

* * *

माझा स्वभाव भित्रा. रात्री दाराची कडी मी तीनदा पाहते. चाकाचे नट मी रोज विचारायची, "चाचा, घट्ट आहेत ना?" शेवटी कंटाळून त्यांनी पानाच माझ्या हातात दिला. "रोज खुद देख."

मी रोज पाहिले. रोज थोडे आवळले.

महिन्यानं पंक्चर झालं तेव्हा ते नट चाचांना हलेनात. पान्याला लोखंडी पाइप लावला, तरी नाही. शेजारच्या कापूस-जिनिंगवरचे दोन हमाल बोलावले, ते पाइपवर चढून नाचले, तेव्हा पहिला सुटला.

चाचा घाम पुसत म्हणाले, "बेटी, नट है! दुश्मन नहीं!"

* * *

मृग लागला. मला तिसरा गियर काही आला नाही. मामंजींनी मारेगावच्या एका माणसाला गाडीचा शब्द देऊन टाकला. रविवारी तो पाहायला येणार होता.

सोमवारीच पिंकीला ताप भरला. अंग तव्यासारखं. नवरा हैदराबाद रोडवर, एसटी दुपारची. मी किल्ली घेतली. पिंकीला मागं मांडीवर कोण घेणार? मामंजी आत येऊन बसले. आयुष्यात पहिल्यांदा.

दवाखान्यापर्यंत बारा किलोमीटर सेकंड गियरमध्ये! इंजिन किंचाळत होतं आणि मागून मामंजी, "पिंके, सांग मायले, म्हैस हाय समोर! पिंके, सांग, पूल आला! पिंके, हळू म्हण तिले!"

पिंकी तापात झोपलेली!

डॉक्टरांनी तपासलं, इंजेक्शन दिलं. "झटका यायच्या आत आणली. चांगलं केलं."

बाहेर आलो तर धो धो पाऊस. ड्रायव्हरच्या बाजूची काच वर दोन बोटं उघडीच राहते, हा या गाडीचा जुना रोग. सीट चिंब भिजली होती. मी तशीच बसले, तशीच सेकंडमध्ये परत आणली. मामंजी घरी उतरून सरळ पेरायला गेले. मी म्हटलं, गेली गाडी.

* * *

त्यानंतर पावसानं दडी मारली. गाडी दारात बंद उभी. सहा दिवस मामंजी रोज सकाळी वावरात जात होते आणि माती उकरून परत येत होते. एक दाणा वर आला नव्हता.

रविवारी मारेगावचा माणूस आला. टायरला लाथ मारली, बॉनेट ठोकलं आणि ड्रायव्हरचं दार उघडून म्हणाला, "हे काय हो?"

मी पुढं होऊन पाहिलं. माझी शिवण उसवली होती आणि सीटच्या दाराकडच्या काठानं, एका ओळीत, कपाशीची सात-आठ रोपं उगवली होती. दोन-दोन पानांची, हिरवीगार!

मामंजी वाकले. एका पानाखाली बोट घातलं. मग वळून आतल्या खोलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी पदराचं टोक दातात धरलं.

मारेगाववाला म्हणाला, "काकाजी, उपटून फेका हे. मी आजच नेतो गाडी."

मामंजींनी दार हळूच लोटलं. आवाज होऊ दिला नाही.

"उभ्या पिकाचं वावर कोनी इकते काय, बाप्पा?"

तो गेला. पिंकी अंगणात खेळत होती. मामंजींनी तिला हाक मारली नाही. लोटाभर पाणी आणलं, खिडकीच्या त्या दोन बोटांच्या फटीतून हळूहळू आत सोडलं आणि म्हणाले, "सूनबाई, चालव तू. पन ब्रेक हळू मारजो. मुळं धरून राह्यले."