धनाजीचं मशीन चालू होतं

भावाला जेवायला बोलावण्याची मायाक्काची रीत साऱ्या टॉवेल कारखान्याला ठाऊक होती. ती पुढच्या ऑफिसात बिलं करायची, सगळ्या कॉम्प्युटरांची देखभालही तिच्याकडेच. थोरला धनाजी मागच्या खोलीत टॉवेलांची नक्षी काढायचा. भिंतीपलीकडे मागांचा खडखडाट, कानांवर हेडफोन. हाक पोचायची नाही, फोन तो उचलायचा नाही. मग मायाक्का हुकूम लिहायची काळी चौकट आपल्या स्क्रीनवर उघडायची. त्यात शटडाऊन, त्याच्या मशीनचं नाव, थोडी मुदत आणि शेवटी इंग्रजी अक्षरांत मराठी निरोप: ‘जेवायला चल.’ तो निरोप थेट त्याच्या नक्षीवर उमटायचा. धनाजी घाईघाईनं हुकूम रद्द करायचा आणि डब्यापाशी यायचा.

एकदा तिनं मुदत फारच थोडी दिली आणि रद्द करायच्या आत मशीन बंद झालं. तो तणतणत आला.

“माये, माझा अख्खा मोर गिळलास की!”

“सेव्ह करत जा की. आपले आप्पा मेंढरं वाड्यात घातल्याबिगर जेवत्यात का कदी?”

एका दुपारी धनाजी स्क्रीनला कुलूप लावून चहाला गेला आणि टपरीच्या बाकावरच कलंडला. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

दिवसकार्य झाल्यावर मायाक्का आपल्या कुंभारी गावाहून पुन्हा कामावर येऊ लागली. बायका म्हणाल्या, रडून घे, मोकळी हो. रडू येत नव्हतं. गंगम्मा, तिची आई, डब्यात अजून दोघांच्या भाकरी बांधायची. मायाक्का त्या सगळ्या खायची. चव लागत नव्हती, पोट भरल्याचंही कळत नव्हतं. मागच्या खोलीत धनाजीचं मशीन तसंच चालू होतं. त्याचा पासवर्ड कुणालाच माहीत नव्हता. तिथं कुणी बसत नव्हतं, म्हणून कुणी बंदही केलं नव्हतं. येता-जाता ती काचेतून त्याचा हिरवा दिवा बघायची आणि पुढं जायची. तेवढंच.

मग कुमार आला, नवा नक्षीवाला, विणकराच्या घरातला. मालक बापूसाहेब त्याला घेऊन तिच्या टेबलापाशी उभे राहिले.

“मायाक्का, ते मशीन आता ह्याला द्यायचं. पासवर्ड न्हाय म्हटल्यावर सगळं पुसूनच घ्यावं लागंल.”

“आत अर्धी नक्षी उघडी हाय.”

“सेव्ह केली आसंल की त्यानं.”

“त्यो इसरतोय,” ती म्हणाली.

कुमारनं घसा खाकरला. “अक्का, रिस्टार्ट करून बघू या का?”

“रिस्टार्ट केलं तर मशीन परत येतंय. उघडं ठेवलेलं येत न्हाय.”

“मग बटण दाबून धरतो मी.”

“नको,” ती म्हणाली. “हात लावू नका. मी हितनंच करते.”

ते दोघे मागच्या खोलीकडे गेले. मायाक्कानं काळी चौकट उघडली. शटडाऊन. मशीनचं नाव. मुदत तिनं कधी नव्हे एवढी मोठी दिली. पुढे निरोपाची जागा आली आणि बोटांनी आपसूक तेच लिहिलं. ती त्या अक्षरांकडे बघत राहिली. पुसावं की नाही, हेही तिला ठरवता येईना. मग तिनं एंटर दाबलं.

रद्द करायचा हुकूम इथूनही देता आला असता. अजून वेळ होता. ती उठली आणि मागच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली.

कुमार चष्मा सावरत स्क्रीन वाचत होता. “जेवायला चल?” त्यानं वळून पाहिलं. “मला म्हणताय व्हय, अक्का?”

बापूसाहेबांनी मान खाली घातली. त्यांना रीत ठाऊक होती.

मायाक्का धनाजीच्या खुर्चीकडे बघत होती. कीबोर्डवर कुणाचाच हात नव्हता. मुदत संपली. स्क्रीन काळी झाली, हिरवा दिवा गेला. मशीनचा आवाज थांबला असेल; मागांच्या खडखडाटात कळलं नाही.

“अक्का?” कुमार म्हणाला.

“चल,” ती म्हणाली. “भाकरी लई हायत.”

ऑफिसात तिनं डबा उघडला, निम्म्या भाकरी त्याच्यापुढं सरकवल्या. पहिल्या घासालाच शेंगाचटणी झोंबली. तिनं हात लांबवून पाण्याची बाटली घेतली.