पूजेतली पुस्तकं आणि ऑक्टोबरची परीक्षा

मुलांनो,

परवा फोनवर तुमच्यातल्या धाकटीने विचारलं, "आजी, तुला कधी परीक्षेची भीती वाटली होती का गं?" दुसऱ्या दिवशी तिचा विज्ञानाचा पेपर होता. पेशीचं आवरण आणि थोडं भौतिकशास्त्र, एवढाच भाग. मी म्हटलं, "छे, शांतपणे लिहायचं, झालं." फोन ठेवला आणि माझा मलाच राग आला. तीसेक वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे मला हे सगळं उपजतच येत होतं असं तुम्हाला वाटतं. ते खरं नाही. माझं वय पाहता खरं उत्तर लांबवण्यात अर्थ नाही, म्हणून क्रमाने लिहिते.

आम्ही गिरगावात चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर राहायचो. मी, वडील आणि माझी विधवा आत्या. आई मी लहान असतानाच गेली होती. वडिलांना मी दादा म्हणायची. मी इंटर सायन्सला, म्हणजे कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते, ते वर्ष संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचं. जानेवारीत आमच्या भागात गोळीबार झाला. कॉलेज बंद पडलं, आणि उघडल्यावरही दादा मला कितीतरी दिवस खाली उतरू देईनात. त्यांचंही चूक नव्हतं. पण नेमकी त्याच दिवसांत कॉलेजात दोन प्रात्यक्षिकं झाली: भिंगाचं नाभीय अंतर काढणं आणि जिवंत पेशीतून पाणी बाहेर जाताना सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं. मी दुसऱ्यांच्या वह्यांवरून ती उतरवून घेतली. अक्षर सुरेख, आकृत्या सुबक, आणि समजलेलं काहीच नाही.

मार्चच्या परीक्षेत नेमकी तीच दोन्ही पुढ्यात आली. भिंगाच्या टाचण्या जुळल्याच नाहीत. जीवशास्त्राच्या दिवशी पानाची जांभळी साल मी मिठाच्या पाण्यात ठेवली आणि आकृती काढायच्या नादात तशीच विसरले. नंतर साधं पाणी घातलं, तरी आकसलेला जांभळा रंग पुन्हा पसरेना. परीक्षकांनी कारण विचारलं. मला ते ठाऊकच नव्हतं. मी नापास झाले.

ऑक्टोबरला पुन्हा बसायची सोय होती. दादा ओरडले नाहीत. जेवताना खाली बघत एवढंच म्हणाले, "या खेपेला झालं तर बी.एस्सी. नाही झालं तर टायपिंगचा क्लास. मग माझ्याकडे रदबदली करायची नाही." दादा एकदा बोलले की त्यात बदल होत नसे.

त्या वर्षी भौतिकशास्त्राचं प्रात्यक्षिक दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आलं, जीवशास्त्राचं तिसऱ्या. आता माझी चूक ऐका. आमच्याकडे खंडेनवमीला संध्याकाळी पुस्तकं पूजेत मांडायची, ती दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उचलायची. मध्ये हात लावायचा नाही. आत्या म्हणाली होती, एखादं ठेव, देवीला तेवढं पुरतं. पण आदल्या वर्षीच्या दसऱ्याला मी गॅलरीत बसून चोरून वाचलं होतं, आणि पुढच्या मार्चमध्ये नापास झाले होते. या दोन गोष्टींचा काही संबंध नाही हे विज्ञानाच्या विद्यार्थिनीला कळायला हवं. मला कळत होतंही. तरी मी सगळं पूजेत ठेवलं: दोन्ही पाठ्यपुस्तकं, लॉगॅरिदमची कोष्टकं, प्रात्यक्षिकांची वही, सुट्या टिपणांचा गठ्ठासुद्धा. हळदकुंकू वाहिलं आणि हलकं वाटलं.

ते वाटणं रात्रीपुरतंच. दसऱ्याच्या सकाळी जाग आली ती एक प्रश्न घेऊनच. पाणी पेशीत जातं ते कोणत्या बाजूने? दाट द्रावणाकडून पातळ द्रावणाकडे, की उलट? काल पाठ होतं, आज आठवेना. पुस्तक हातभर अंतरावर, झेंडूच्या फुलांखाली. मी तीनदा पाटासमोर जाऊन उभी राहिले. हात पुढे होईना. आत्या श्रीखंडाचा चक्का फेटत होती. तिला विचारलं असतं तर तिने कदाचित काढूही दिलं असतं. पण मग नेम मीच मोडला असं झालं असतं, आणि त्यापुढे जे झालं असतं त्याचा दोष माझ्यावर आला असता.

मी आत्याला मैत्रिणीला सोनं द्यायला जाते म्हणून सांगितलं, आपट्याची चार पानं घेतली आणि ट्राम पकडून परळला गेले.

ही मैत्रीण माझ्याच वर्गातली, गिरणीकामगाराची मुलगी. तीही माझ्यासारखीच मार्चमध्ये नापास झालेली. तिच्या चाळीतली अर्ध्याहून अधिक दारं बंद होती. माणसं नागपूरला गेली होती. त्या दसऱ्याला तिथे बौद्ध धर्माची दीक्षा होती. तिचे आईवडीलही गेले होते. घरी ती आणि तिची आजी. तिच्यासाठी आणलेलं पांढरं पातळ घडी न मोडता दोरीवर तसंच होतं. परीक्षेसाठी ती मागे राहिली होती.

मी दारातच विचारलं, "तुझी पुस्तकं?"

"ही काय, पसरलीत सगळी. आमच्याकडे आता पूजा नाही. बाबा जाताना सांगून गेलेत, मी दीक्षा घेतो, तू वाच."

मी आपट्याची पानं पर्समध्येच ठेवली. बसले आणि सरळ सांगितलं की मला काहीच आठवत नाही. ती हसली नाही. तिची आजी मात्र कोपऱ्यातून हसली. ती कारल्याच्या चकत्यांना मीठ लावून ठेवत होती. पाणी कुठून कुठे जातं यावर आमचा वाद रंगला, तेव्हा तिने ताटलीच पुढे सरकवली.

"बघा गं पोरींनो. वर मीठ, आत कारलं. पाणी कुठं निघालं? बाहेर. एवढ्यासाठी नापास झालात व्हय दोघी?"

ताटलीत कडू पाणी साचलं होतं. मैत्रिणीने पुस्तकातलं वाक्य वाचलं, मग ताटलीकडे बोट दाखवून तेच मराठीत सांगितलं: पेशीभोवतीचं पातळ आवरण पाण्याला जाऊ देतं, मिठाला सहजी आत येऊ देत नाही, म्हणून जिथे मीठ जास्त तिकडे पाणी धावतं. आणि पेशी मेली की त्या आवरणाची ही निवड संपते. मार्चमध्ये माझा रंग परत का पसरला नाही ते मला तेव्हा कळलं. मी ती पेशी मिठात ठेवून मारली होती.

भिंगासाठी आजीचा जवळचं दिसायचा चष्मा घेतला. दाराकडे पाठ करून तो भिंतीसमोर धरला आणि पुढेमागे केला. साधारण फूटभर अंतरावर समोरच्या गिरणीचं धुराडं भिंतीवर उलटं उतरलं. सणाची सुट्टी, धूर नव्हता, कडा अगदी रेखीव दिसत होत्या. मी शिवणाच्या टेपने अंतर मोजलं. तिने पुन्हा मोजलं. आमचं अर्ध्या इंचाने जमेना. मग ती मोजायची आणि मी चष्मा धरायची, असं अंतर जुळेपर्यंत केलं. आजी दोनदा म्हणाली, माझे डोळे परत द्या. दुपारी तिने आम्हाला भाकरी आणि तेच कारलं वाढलं. मी जेवले.

घरी आले तेव्हा आत्याने विचारलं, "जेवलीस तिथे?"

"हो."

आत्या उठली. मोरीत बादली ठेवली, पाणी काढलं आणि टॉवेल दांडीवर टाकला. मला काय करायचं ते कळलं. त्या दिवशी मी वाद घालायला हवा होता. दुसऱ्या दिवशी परीक्षा होती, घरात काही बिनसू नये एवढंच मनात होतं. मी आंघोळ केली. हे मी मैत्रिणीला पंचवीस वर्षांनी सांगितलं. ती म्हणाली, "पाणी तरी गरम होतं का गं?" मग दुसरं काहीतरी बोलू लागली. त्या उत्तराने मला माफी मिळाली की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

सकाळी आत्याने पुस्तकं काढून हातात दिली. "एक ठेव म्हटलं होतं. दुकान मांडायला कुणी सांगितलं होतं?"

परीक्षेला मैत्रीण पांढरं पातळ नेसून आली. मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. भिंगाचं माझं गणित कसंबसं जमलं. मोजमापं तीनदा खोडली, घंटा झाली तेव्हा शेवटची ओळ अर्धी होती. बाहेर आल्यावर मी तिला तेवढंच सांगत बसले, की ओळ अर्धी राहिली. रात्रभर मला तीच ओळ दिसत होती.

तिसऱ्या दिवशी जांभळी साल मी मिठाच्या पाण्यात टाकली आणि नजर हलवली नाही. रंग कडांपासून सुटला, मध्ये गोळा झाला. मी परीक्षकांना हाक मारली. त्यांनी पाहिलं, "आता?" म्हणाले. मी टीपकागदाने मीठ-पाणी काढलं, साधं पाणी सोडलं. काहीच होईना. बहुतेक मिनिटभरच गेलं असेल. मला तेव्हा टायपिंगच्या क्लासचा जिनासुद्धा दिसू लागला होता. मग रंग हळूहळू पसरायला लागला. परीक्षकांनी पुन्हा डोळा लावला आणि विचारलं, "याचा अर्थ काय?"

"पेशी जिवंत आहे," मी म्हटलं. पुढचं आठवलंच नाही. तेवढं पुरलं.

आम्ही दोघी पास झालो. माझे गुण काठावरचे, तिचे माझ्यापेक्षा बरेच वर. दादांनी निकाल दोनदा वाचला आणि बी.एस्सी.चा अर्ज आणायला सांगितलं. तिने दीक्षा पुढे डिसेंबरात दादरला घेतली, नागपूरला तिला कधीच जाता आलं नाही म्हणाली, आणि जन्मभर एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काम केलं.

परीक्षेआधीची ती भीती मात्र पास होऊनही गेली नाही. मी तीस वर्षं प्रश्नपत्रिका वाटल्या, त्या वाटतानाही पहिला प्रश्न आधी मीच मनात सोडवून बघायची. तेव्हा धाकटे, उत्तर असं आहे: हो, वाटली होती, आणि अजून वाटते.

गिरगावची चाळ पाडली, परळची पाडली. माझी प्रात्यक्षिकांची वही वाळवीने खाल्ली. मैत्रीण शीवला राहते, मी इथे दादरला. आम्ही दोघी अजून आहोत.