मारुतीच्या हौदाचं पाणी

नागपूरच्या बेसा भागातल्या आमच्या कॉलनीत शनिवारी संध्याकाळी भजन असतं. तिथे गेलं वर्षभर एक गोष्ट सांगितली जाते, की आबाजींनी, म्हणजे मी, शेतातल्या मारुतीला नवस केला आणि नातीची हातून जाऊ पाहणारी कॉलेजची जागा राहिली. लोक मनापासून सांगतात, मला नमस्कारही करतात. मी मान खाली घालून प्रसाद घेतो आणि घरी येतो. पण ती गोष्ट खरी नाही. तो नवस मी केलाच नव्हता. करायला गेलो होतो, आणि तिथे झालं ते वेगळंच. आता वय झालं आहे, जीभही पूर्वीसारखी चालत नाही, म्हणून जसं घडलं तसं लिहून ठेवतो. हे वाचून कोणी नमस्कार करायचं थांबलं तर मला हलकंच वाटेल.

मृणाल ही माझ्या मुलाची एकुलती एक मुलगी. नरखेड तालुक्यात आमचा संत्र्याचा बगीचा आहे. ती लहान असताना डिंक्या रोगाने आमची झाडं ओळीच्या ओळी वाळली. खोडातून डिंक गळायचा आणि ही पोर फ्रॉकच्या टोकाने तो पुसत बसायची. मोठी झाल्यावर तिने झाडांच्या रोगांचाच अभ्यास करायचं ठरवलं. बारावीच्या हिवाळ्यात परदेशातल्या एका कॉलेजने तिला प्रवेश देऊ केला. अट एवढीच होती, की बारावीचे गुण आधीसारखे राहिले पाहिजेत. ते राहतील याबद्दल आम्हाला कोणालाच शंका नव्हती.

हा प्रवेश मिळाला तर मारुतीला रोडगे करीन, असं मी आधी बोलून ठेवलं होतं. आमच्याकडे नवस फेडायचा तर शेतात गोवऱ्यांच्या आरावर कणकेचे गोळे भाजतात, सोबत वांग्याची भाजी आणि वरण करतात, आणि आल्यागेल्याला पंगतीत बसवतात. सून वैशाली म्हणाली, "बाबा, परीक्षा तोंडावर आहे. उन्हाळ्यात करू ना." मी म्हणालो, "देवाले थांबवून ठेवता येत नाही वं." खरं तर घाई मारुतीला नव्हती. मला गावातल्या माणसांत नातीला मिरवायचं होतं.

त्या दिवशी बोलावल्यापेक्षा जास्त माणसं आली. नागपूरहून नेलेल्या पाण्याच्या कॅन दुपारीच संपल्या. मारुतीच्या ओट्याला लागून आमचा जुना हौद आहे. बटाईने, म्हणजे उत्पन्नाच्या वाट्यावर, बगीचा करणारा रमेश सकाळीच मला म्हणाला होता, "आबाजी, हौदातलं पाणी नका देऊ कोणाले. पावसाळ्यापासून साफ नाही झाला. लाइन आली का मोटर लावतो, विहिरीचं देतो." वीज काही आली नाही. मृणाल रिकामा पेला घेऊन हौदाजवळ उभी राहिली आणि तिने विचारलं, "आबाजी, हे चालते का?" शेजारी गावची चार जुनी माणसं बसली होती. माझ्याच मारुतीजवळचं पाणी चांगलं नाही, हे त्यांच्यासमोर सांगायची मला लाज वाटली. "चालते ना," मी म्हणालो, "हेच पिऊन आम्ही एवढे झालो." ती पेला भरून प्यायली. हौदाच्या कडेचं शेवाळ मला दिसत होतं.

पुढच्या पंधरवड्यात तिला ताप आला, आणि टायफॉइड निघाला. पंगतीतल्या आणखी एकदोघांची पोटं बिघडल्याचं रमेशने फोनवर सांगितलं, तेव्हा माझ्या मनात काही शंका उरली नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, बाहेरचं काही खाल्लं-प्यायलं होतं का. वैशाली लगेच म्हणाली, "ट्यूशनहून येताना गुपचुप खाते ना ही मैत्रिणींसोबत! किती सांगतलं, ऐकतच नाही." गुपचुप म्हणजे आमच्याकडची पाणीपुरी. मृणालने माझ्याकडे पाहिलं. मी सलाइनच्या बाटलीकडे पाहत होतो.

तेव्हा बोललो असतो तर तिचा आजार कमी झाला नसता, हे खरं. पण त्या दिवसापासून घरात सगळा दोष तिच्यावर आला. अंगात त्राण नसताना तिने पेपर दिले. निकाल लागला तेव्हा गुण इतके खाली आले होते, की मुलाने मोबाइल टेबलावर पालथा घातला आणि तो न जेवता ऑफिसला गेला. मग कॉलेजचा मेल आला. गुण का घसरले, काय झालं होतं, आता तब्येत कशी आहे, पुढचा अभ्यास झेपेल का, हे सगळं विचारलं होतं. उत्तर आल्यावर ते जागेचं ठरवणार होते.

त्या उत्तराची मुदत जवळ येत गेली आणि मृणाल काही लिहीना. लॅपटॉप उघडायची, बंद करायची. मुलगा चिडून म्हणाला, "लिही ना मग, परीक्षेच्या आधी गुपचुप खाल्ले म्हणून!" ती उठून गॅलरीत गेली. मी मागोमाग गेलो आणि म्हणालो, "बेटा, दोन ओळी लिहून टाक ना. काहून थांबून राहिली?"

"काय लिहू, तुम्हीच सांगा आबाजी," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "बाबा वाचल्याशिवाय पाठवू देणार नाहीत. खोटं मला लिहायचं नाही. अन् खरं लिहिलं तर तुमच्यावर येते."

म्हणजे तिला सगळं माहीत होतं. मला वाचवायला ती आईचे बोल ऐकत राहिली होती, आणि त्यापायी जागाही जाऊ देत होती. तरी माझं तोंड उघडलं नाही. या वयात मुलाच्या नजरेतून उतरायचं, याची भीती मला नातीच्या नुकसानापेक्षा मोठी वाटली.

मला एकच रस्ता ठाऊक होता. नवतपा, उन्हाळ्यातले सर्वांत कडक नऊ दिवस, लागला होता, तरी पिशवीत नारळ आणि पाण्याची बाटली घेऊन मी एसटीने नरखेडला गेलो आणि तिथून शेतावर. भर दुपारी मारुतीसमोर हात जोडले. "देवा, पोरीची जागा राहिली तर..." एवढं म्हटलं आणि पुढचं सुचेना. काय कबूल करू? रोडगे? पुन्हा तीच पंगत, तोच हौद? देवाला देण्यासारखं माझ्याजवळ काही नाही, आणि जे द्यायला हवं होतं ते मी घरातल्या कोणालाच दिलं नव्हतं. मी नुसता उभा राहिलो.

तेवढ्यात शेतालगतच्या रस्त्यावर एका जोडप्याची मोटरसायकल थांबली. नवरा गाडी निंबाखाली लावत होता. बायको तोंडावरचा रुमाल सोडत तडक हौदाकडे आली आणि तिने ओंजळ पाण्यात घातली.

"थांब वं बाई! नको पिऊ!" मी ओरडलो.

ती दचकली. "काहून? देवापाशीचं पाणी आहे ना, बाबाजी?"

"माझ्या नातीले याच पाण्यानं टायफॉइड झाला. मीच पाजलं."

हे शब्द मी पहिल्यांदाच बोललो होतो. आपण काय बोललो ते मलाच नंतर ऐकू आलं.

नवरा हसून म्हणाला, "घ्या! बरं झालं बाबाजी भेटले. नाही तं ही माहेरी जायच्या आधी दवाखान्यात गेली असती."

"तुम्ही चूप बसा ना जी," ती म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "मंग पोरीच्या मायले तं माहीत असन."

"नाही."

"तिले नाही सांगतलं, अन् मले सांगून राहिले? मी कोण तुमची?"

मी माझी बाटली तिच्यापुढे धरली. ती प्यायली, उरलेलं नवऱ्याला दिलं. मग मारुतीला हात जोडून म्हणाली, "घरी जा बाबाजी. ऊन लय आहे." मोटरसायकल निघून गेली. ती कोणत्या गावची, कुठे जात होती, मी काहीच विचारलं नाही, आणि पुन्हा ती मला दिसली नाही. नारळ न फोडताच मी मारुतीच्या पायाशी ठेवला. मघाचा नवस तोंडात पुन्हा आलाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी मी सगळं सांगितलं, रमेशने बजावलं होतं तेही. "दवाखान्यात तुम्ही तिथंच उभे होते ना, बाबा?" एवढंच मुलगा म्हणाला. वैशालीने चहाची गाळणी खाली ठेवली. "अन् मी रोज पोरीले बोलून राहिली!" असं म्हणत ती मृणालच्या खोलीत गेली. आतून दोघींच्या रडण्याचा आवाज आला. मग मृणाल म्हणाली, "आता तरी गुपचुप खायला जाऊ देशील का?" आणि वैशाली रडता रडता हसली. माझ्याशी मात्र ती बरेच दिवस बोलली नाही. चहा वेळेवर द्यायची, समोर ठेवून निघून जायची. ते मला मिळायलाच हवं होतं.

मृणालने त्याच दिवशी उत्तर लिहिलं. शेतातलं अस्वच्छ पाणी पिण्यात आलं, टायफॉइड झाला, अशक्तपणातच परीक्षा दिली, आता बरी आहे. माझं नाव तिने घातलं नाही. डॉक्टरांचा दाखला आणि तिला शिकवणाऱ्या बाईंनी लिहून दिलेलं पत्र जोडलं. मुलाने वाचलं, एक शब्द बदलला नाही.

मग वाट पाहणं सुरू झालं. मोबाइल वाजला की सगळे हातातलं काम टाकून यायचे. माझ्या ओठांवर सवयीने "देवा, जर" एवढं यायचं, आणि मी तिथेच थांबायचो. आयुष्यभर मी देवाशी सौदाच करत आलो होतो. तू हे दे, मी ते देतो. पहिल्यांदाच माझ्याजवळ पुढे करायला काही नव्हतं, आणि जे होईल ते तुझं, एवढंच म्हणता आलं. तेही धीराने नाही, घाबरत घाबरत.

उत्तर आलं. जागा कायम होती. पहिल्या सत्रात विषय थोडे कमी घ्या, असं त्यांनी सुचवलं होतं, आणि स्पष्ट कळवल्याबद्दल आभार मानले होते. मृणालने ते मोठ्याने वाचलं आणि आधी आईच्या गळ्यात पडली, मग माझ्या.

तेव्हा भजनातल्या मंडळींनो, मारुती माझ्या नवसाला पावला असं म्हणू नका. मला मागायचं होतं ते त्याने मागूच दिलं नाही. एका तहानलेल्या बाईला हौदाजवळ उभं केलं, आणि माझ्या तोंडून जे निघत नव्हतं ते काढून घेतलं. ती कोण होती, यावर मी डोकं चालवत नाही. माझ्यापुरतं तेवढं पुरे आहे.

तो हौद आता बुजवला आहे. ओट्यावर निंबाच्या सावलीत एक माठ ठेवला आहे. त्यात उकळून गार केलेलं पाणी रमेश रोज भरतो, आणि शनिवारी सकाळी मी जाऊन भरतो. रस्त्यावर मोटरसायकल वाजली की मान आपोआप वर होते. पाणी भरून झालं की मारुतीसमोर उभा राहतो, काही मागत नाही. मृणालचा फोन येतो, तिकडची थंडी, अभ्यास, नवे मित्र, सगळं सांगते. पण तिचं पहिलं विचारणं ठरलेलं असतं.

"आबाजी, माठ धुऊन भरला ना?"

"हो बेटा," मी म्हणतो, "आधी मी पिऊन पाहिलं."